बोहदानची कलती जमीन

बोहदान,

मराठीत लिहितो आहे. तुला मराठीचे पाच-सहा शब्द येत होते. त्यांतला 'चालेल' तू अशा सुरात म्हणायचास, की हे मुळीच चालणार नाही हे समोरच्याला लगेच कळावं. तरी मराठीतच लिहितो, कारण ज्यांनी हे वाचायला हवं ते इथले, आखातातले मराठी लोक आहेत. तू आता कुठल्याच भाषेत वाचणार नाहीस.

गेल्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाने तुझ्यासाठी शोकसभा ठेवली होती. रोल्ला भागातल्या एका रेस्टॉरंटचा वरचा हॉल. फोटो माझ्याच मोबाइलमधला. त्यात तू माझ्यावर वैतागलेला दिसतोस, पण दुसरा सापडला नाही. नाना बोलायला उभे राहिले. आपल्या नाटकाच्या वेळचे मंडळाचे अध्यक्ष, आता वॉकर धरून चालतात. म्हणाले, "आमचे हे रशियन मित्र म्हणजे फार मोठे कलावंत. आपल्या नाटकाचं नेपथ्य त्यांनी केलं होतं. पण परमिटवाल्यांनी सेट अडवला आणि त्यांचं मन असं खट्टू झालं, की पुन्हा रंगमंचाकडे फिरकले नाहीत बिचारे."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

तू रशियन नव्हतास. खारकीवचा होतास, युक्रेनियन होतास, आणि परमिटवाले, म्हणजे कार्यक्रमांना परवानगी देणारे सरकारी लोक, कधी आलेच नव्हते. पण नाना खोटं बोलत नव्हते. त्यांना आता तसंच आठवतं. खोटं मी बोललो होतो. इतक्या वर्षांत ते मुरलं आणि सगळ्यांच्या आठवणीत खरं होऊन बसलं. चहाचा कप हातात धरून मी ते ऐकलं आणि घरी आलो.

घरी नातीने विचारलं, "आजोबा, वॉज ही युवर बेस्ट फ्रेंड?"

म्हटलं, "त्याने मला मित्र मानलं होतं."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

तू माझ्या स्टॉल-स्टेज बांधायच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आलास तो एका हॉटेलसाठी खजुराची झाडं रंगवायला. मला पेंटर हवा होता. तू टेबलावर माझ्या कोटेशनच्या कागदांवर एक बुटांचं खोकं ठेवलंस आणि झाकण उघडलंस. आत पुठ्ठ्याचं एक रंगमंदिर होतं. तिरका मंच, लाल जिना, अधांतरी टांगलेलं दार.

"क्लायंट कोण?" मी विचारलं.

"क्लायंट नाही."

"मग कशाला केलंस?"

"क्लायंट नाही म्हणूनच इतकं चांगलं झालं," तू म्हणालास. मी हसलो. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशीपासून तू माझ्याकडे खजुराची झाडं रंगवू लागलास. उभ्या कापडावर रंगवायला नकार देऊन कापड जमिनीवर पसरायचास, काठीला बांधलेला ब्रश घेऊन मोजे घालून त्यावर चालायचास. आमची पोरं म्हणायची, हा झाडू मारतोय की पेंटिंग करतोय?

वसुधाने, माझ्या बायकोने, तुला तुझ्या नावाचा अर्थ विचारला होता. तू म्हणालास, देवाने दिलेला. "म्हणजे देवदत्त!" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तू आमच्या घरी देवदत्तभावोजी झालास. शुक्रवारी जेवायला यायचास. वरणभातावर काळी मिरी घ्यायचास. त्यावरून ती तुला एकदाही बोलली नाही. मी तसं केलं असतं तर ताट उचललं असतं तिने.

आपला मोठा वाद जमिनीवरून चालायचा. मी म्हणायचो, माझा सगळा धंदा जमीन सपाट करण्याचा आहे. स्टॉल असो, लग्नाचं स्टेज असो, आधी लेव्हल. तू म्हणायचास, सपाट जमिनीवर माणूस नुसता उभा राहतो, उतारावर त्याला उभं राहायचं ठरवावं लागतं. एकदा आपण तिघं डोंगरापलीकडच्या फुजैराला निघालो होतो. डोंगर उतरताना तू गाडी थांबवायला लावलीस, आम्हा दोघांना रस्त्याच्या कडेला उतारावर उभं केलंस आणि वसुधाला म्हणालास, "वहिनी, डोळे बंद. आता पायांना विचारा, कुठे जायचंय." ती बराच वेळ तशी उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, खरंच सांगतायत पाय!" मी मात्र केव्हाच गाडीत परत जाऊन हॉर्न वाजवत होतो. तो वाद मी जिंकला असं मला तेव्हा वाटायचं, कारण गाडी माझी होती.

मंडळाच्या वार्षिक नाटकाला नेपथ्य करशील का, असं मी तुला विचारलं ते वसुधाच्या आग्रहावरून. दोन भाऊ घराच्या वाटण्या करतात अशी साधी गोष्ट होती. तुला मराठी येत नव्हतं म्हणून वर्कशॉपमध्ये प्लायच्या थप्पीवर बसून तिने तुला आख्खं नाटक करून दाखवलं; दोन्ही भाऊ, दोन्ही जावा, मरणारी आई, सगळं स्वतःच, हिंदी-इंग्लिशच्या काल्यात. आई मेली तेव्हा तू उठून बाहेर गेलास. परत आलास ते चित्र डोक्यात घेऊनच. भिंती नाहीत, फक्त दारं. तीन रंग: लाल, काळा, पांढरा. आणि सगळं घर पुढे, प्रेक्षकांकडे कललेलं. उतारावर टेबल-खुर्च्या सरळ दिसाव्यात म्हणून तू त्यांचे पाय कमी-जास्त कापून घेतलेस.

वर्कशॉपमध्ये त्या जमिनीवर पहिली तालीम झाली ती मी विसरलो नाही. मोठ्या भावाचं काम करणारा आमचा अकाउंटंट, एरवी बॅलन्स शीट वाचल्यासारखे संवाद म्हणायचा. त्या उतारावर उभा राहिला आणि त्याचा आवाजच बदलला. मध्येच धाकट्या जावेच्या हातून फुलपात्र पडलं. ते घरंगळत, घरंगळत, सगळं घर ओलांडून पार पुढे आलं आणि थांबलं. सगळे त्या फुलपात्राकडे बघत राहिले. तू मागे उभा होतास. माझ्या कानाशी म्हणालास, "दिलीप, आज तीस वर्षांनी."

कसली तीस वर्षं, ते तू मला सांगितलेलं होतंस. रोल्लातल्या चहाच्या टपरीवर, एकदा नाही, दोन-तीनदा. खारकीवला तू तरुण असताना असाच कलता मंच केला होतास. रंगीत तालमीला काही अधिकारी आले, मागच्या रांगेत बसले, कोट काढले नाहीत. शेवटी एकाने विचारलं, डिझायनरचं नाव काय? बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मंच सपाट केलेला होता, आणि पुढची कित्येक वर्षं तू एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात पोस्टर रंगवत होतास. मी ते क्लायंटच्या गप्पा ऐकतात तसं ऐकलं होतं. हो हो म्हणत, दुसऱ्या साइटचा विचार करत.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये सेट उभा राहिला. तू अंघोळ करून यायला घरी गेला होतास. नाना आले, समई घेऊन आले. आपल्याकडे नाटकाआधी दीपप्रज्वलन, मग प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, मग भाषणं, आणि हे सगळं त्याच मंचावर, सोफे मांडून. त्यांनी समई ठेवली. ती कलली आणि वात लावायच्या आधीच तेल सांडलं.

"अहो दिलीपराव, हे काय! समई प्यायल्यासारखी उभी आहे."

मी म्हटलं, "नाटकच तसं आहे नाना."

"नाटक नंतर. आधी समई. आणि सोफ्यांचं काय? चीफ गेस्ट घसरत जाऊन पहिल्या रांगेत स्वतःच्याच बायकोच्या मांडीवर बसायचे! कार्यक्रमात समई कलंडली तर लोक वर्षभर बोलतील. यल्ला, चला, करून टाका सपाट. तुमची माणसं आहेत ना इथे?"

"त्याला काय सांगू?"

"सांगा परमिटवाले नको म्हणाले. आपण काय, रोजच सांगतो."

खरं होतं ते. आमच्या धंद्यात हे वाक्य चहासारखं चालतं. माल वेळेवर आला नाही, परमिट. रंग चुकला, परमिट. कुणाला राग येत नाही, कुणी वाद घालत नाही. परमिटवाल्यांना यातलं काही माहीतही नसतं. मी सुतारांना हाक मारली आणि जमीन सपाट करून घेतली.

बोहदान, समईखाली एक पाचर ठोकली असती तर भागलं असतं. माझ्या गाडीत पाचरांनी भरलेलं पोतं होतं. सोफे खाली, मंचासमोर मांडता आले असते. तुला फोन केला असता तर तू स्वतः हसत हसत समईला तिरकी बैठक करून दिली असतीस, लाल रंगाची. यातलं मला काही सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. पण नाना घाईत होते, मला वाद नको होता, आणि मनात कुठेतरी हेही होतं की एवढं काय, शेवटी जमीनच तर आहे.

तू आलास. वसुधाने इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून. सभागृहाच्या मधल्या वाटेत थांबलास. मला वाटलं होतं तू ओरडशील. ते ऐकून घ्यायची तयारी करून मी उभा होतो. तू अगदी हळू विचारलंस, "कोण?"

"परमिटवाले," मी म्हटलं. "आत्ताच येऊन गेले."

"कागद?"

"कागद नाही. तोंडी."

तू मान हलवलीस. "हो. तोंडीच असतं."

तिथे थांबता आलं असतं मला. मग तू विचारलंस, "त्यांनी माझं नाव विचारलं?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला चहाच्या टपरीवरची गोष्ट आठवली नाही. मला फक्त दिसलं की तू वाद घालणार नाहीस, अजून एक शब्द आणि विषय खलास. मी म्हटलं, "हो. विचारलं."

तुझा चेहरा मी पाहिला आणि तरीही शब्द परत घेतला नाही.

तू घोषणा करणाऱ्या मुलीकडे गेलास आणि तुझं नाव घेऊ नकोस असं तिला सांगितलंस. तिसऱ्या घंटेआधी सगळ्यांची नावं झाली; लेखक, दिग्दर्शक, प्रकाश, संगीत, अगदी वेशभूषेची इस्त्री करणाऱ्यापर्यंत. नेपथ्य कुणाचं, ते कुणी सांगितलं नाही. आणि तुझ्या त्या कापलेल्या पायांच्या खुर्च्या सपाट जमिनीवर लंगड्या झाल्या. मोठा भाऊ रागाने बसला आणि डुगडुगला. लोक हसले. मध्यंतरात मी पोतं आणलं आणि एकेका खुर्चीखाली पाचर सारत फिरलो. तू विंगेत उभा राहून ते बघत होतास. प्रयोग छान झाला असं सगळे म्हणाले. समई सरळ उभी होती.

त्यानंतर तू खजुराची झाडं रंगवलीस, सोन्याचे घोडे, लग्नाच्या सिंहासनामागचे मोर. गिऱ्हाइकांना सोनेरी हवं, अजून सोनेरी हवं. तू 'चालेल' म्हणायचास आणि खरंच चालवून घ्यायचास. आधी कुणी तुला रशियन म्हटलं की तू काम थांबवून दुरुस्त करायचास, "नॉट रशियन. युक्रेन." तेही सोडलंस. रोल्लातलं घर सोडून इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत गेलास, जिथे शेजाऱ्याला शेजारी माहीत नसतो. दारावर पाटी लावली नाहीस. आणि एक लेव्हलची पट्टी विकत घेतलीस. कुठलंही काम झालं की त्यावर ठेवून बघायचास, बुडबुडा मध्ये आहे ना. मी पोरांसमोर तुझी थट्टा केली होती, "बघा, साहेब सुधारले!" तू म्हणालास, "हो, दिलीप. सुधारलो."

वसुधाला यातलं काही माहीत नव्हतं. ती जाईपर्यंत म्हणत राहिली, भावोजींना पुन्हा नाटक करायला सांगा ना. मी म्हणायचो, त्याला आता इंटरेस्ट नाही.

ती गेल्यावर तू दर आठवड्याला माझ्याकडे येऊन बसायचास. दोन म्हातारे, एक टीव्ही. तुमच्याकडे युद्ध सुरू झालं तेव्हा पडद्यावर खारकीव दिसायचं आणि तू मला रस्ते सांगायचास, इथे बेकरी होती, इथे आमची ट्राम वळायची. कितीदा वाटलं, आता सांगावं. पण ज्याचं घर पडताना दिसतंय त्याला हे कुठे सांगायचं? ही सबब मला फार आवडली. ती मी शेवटपर्यंत वापरली. तुझ्या दफनाला मोजकी माणसं होती. तिथेही मी मातीची मूठ टाकली आणि गप्प राहिलो.

तुझी मुलगी ओलेना परवा पोलंडहून आली. तुझ्या डोळ्यांची, पण रागीट. काल तिला घेऊन तुझ्या घरी गेलो. खोलीभर चित्रं, सगळी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. ती एकेक वळवत गेली. बोहदान, मला वाटत होतं तू थांबला आहेस! लाल, काळा, पांढरा. दारं, जिने, कललेली घरं. दोन-चार पाहून मीही बाकीची वळवू लागलो.

ओलेना प्रत्येक चित्राचे कोपरे बघत होती. "सही नाही," ती म्हणाली. "खारकीवच्या जुन्या चित्रांवर केवढी मोठी सही असायची त्यांची. मिस्टर दिलीप, ही नक्की माझ्या वडिलांचीच आहेत?"

"त्याचीच आहेत."

"मग नाव का नाही?"

मी म्हटलं, "त्याला परमिटचा त्रास झाला होता." झालं. त्याच खोलीत, तुझ्या चित्रांसमोर, तेच वाक्य पुन्हा माझ्या तोंडातून आलं. सवयीने.

ती म्हणाली, "माहीत आहे. ते म्हणाले होते. मला नाट्यशाळेत प्रवेश मिळाला होता, सेट डिझाइनला. त्यांनी इथून फोन केला, जाऊ नकोस म्हणाले. तिथेही नाव विचारतात, इथेही विचारतात, सगळीकडे विचारतात. मी त्यांना भित्रा म्हटलं. मग मी गेले नाही आणि त्यांच्याशी नीट बोललेही नाही. आता विमा कंपनीत आहे."

मला हे माहीत नव्हतं, बोहदान. तू कधी बोलला नाहीस. माझा एक 'हो' खारकीवपर्यंत गेला होता.

मग मी तिला सांगितलं. समई, सोफे, नाना, पाचरांचं पोतं. एवढं सांगून गप्प बसता आलं असतं. निम्मं सांगितलं तरी माणूस प्रामाणिक दिसतो. मी पुढचंही सांगितलं. तू काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं.

तिने हातातलं चित्र खाली ठेवलं. मग म्हणाली, "एका दिव्यासाठी?"

"हो."

"आणि नाव? ते कशासाठी?"

"वाद लवकर मिटावा म्हणून."

"म्हणजे ते भित्रे नव्हते."

"नव्हता. मी घाबरवलं त्याला."

मी माफी मागितली. ती तिने घेतली नाही, आणि मला वाटतं बरोबर केलं. उठली, एक चित्र कागदात गुंडाळू लागली. मी दोरी धरली. गाठ मारताना म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तुमच्या लोकांना सांगा. ते आजही त्यांना रशियन म्हणतात आणि परमिटवाल्यांची गोष्ट सांगतात. तुमच्या भाषेत सांगा." मग आम्ही दोघांनी चित्रं खाली नेली. लिफ्टमध्ये ती रडली. मी आकडे बदलताना बघत राहिलो.

म्हणून हे मंडळाच्या अंकासाठी लिहिलं आहे. नानांना छापण्याआधी वाचून दाखवणार आहे, ते म्हणतील, "दिलीपराव, आता कशाला?" मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी फक्त वाक्य सुचवलं होतं. 'हो' माझा होता.

बोहदान, तू मला जे दिलंस त्याची परतफेड या कागदाने होत नाही. माझ्या पत्नीला तू उतारावर उभं राहायला शिकवलंस. रोज जमीन सपाट करणाऱ्या माणसाला तू एक दुपार दिलीस, जेव्हा एक फुलपात्र घरंगळलं आणि आमच्यातला एकही जण श्वास घेईना. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून तेवढंच एक खरं घर उभं राहिलं, आणि ते मी दोन तासांत पाडलं.

आता तू त्या दुपारी मला विचारलं होतंस त्याचं उत्तर देतो. उशीर झाला आहे, तरी देतो. त्या दिवशी तिथे कुणीही आलं नव्हतं, बोहदान. तुझं नाव कुणीही विचारलं नव्हतं.